स्कॉच मंडळ्यांची उपासनारीती आणि दरेकसा येथील एक प्रश्न

हा पाठ हाती घेण्यापूर्वी प्रत्येक घरात पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, सतराव्या वचनापासून शेवटपर्यंत, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील अकरा ते चौदा ही वचने मोठ्याने वाचली जावीत. ज्यांस वाचता येत नाही त्यांस शाळेत जाणाऱ्या मुलांनी वाचून दाखवावे. पाठाचा विषय दूरच्या स्कॉटलंड देशातील उपासनेचा इतिहास हा आहे. परंतु हा विषय कोठून निघाला ते आधी सांगितले पाहिजे.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी सालेकसा सोडून डोंगरांत शिरते आणि दरेकसा येथे थांबते. येथे आपली चारसहा कुटुंबे आहेत. कोणी रेल्वेच्या कामावर, कोणी शेतीवर. मंदिर नाही. एका घराच्या छपरीत सतरंजी घालून उपासना होते, आणि मला जेव्हा जाणे होत नाही तेव्हा त्यांच्यातीलच एक जण शास्त्रभाग वाचून प्रार्थना चालवितो. मागील वर्षी प्रभुभोजनानंतर तेथील एका वृद्ध वडिलांनी मला बाजूस नेऊन दोन गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, “पाळकसाहेब, उपासनेत ढोलक नको. आमच्या आजोबांस नागपूरच्या स्कॉच साहेबांनी धर्म शिकविला. पेटी चालते, पण ढोलक त्यांनी कधी चालू दिला नसता. आणि भाकर व पेला हातोहाती फिरवू नये. आपण स्वतः प्रत्येकाच्या हातात द्यावे, म्हणजे स्वच्छतेचे पडते. आधी जुन्या घरांस द्यावे, मागाहून इतरांस.”

दुसरी गोष्ट मी त्याच वेळी मान्य केली. सुमारे एक वर्ष दरेकसा येथे प्रभूचे भोजन दोन वेळा वाढले गेले आणि वाढणारा मीच होतो. पहिली गोष्ट मात्र मी विचारासाठी ठेवून घेतली, कारण तिच्यात स्कॉच पूर्वजांची साक्ष काढली होती, आणि साक्षीदार बोलाविला की त्याची जबानी पुरी ऐकावी लागते. ती ऐकता ऐकता दोन्ही गोष्टी एकच आहेत हे माझ्या ध्यानात आले. ते कसे, हे पुढे येईल.

स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली ती १५६० साली. त्या वर्षी तेथील पार्लमेंटाने पोपचा अधिकार अमान्य केला, लॅटिन भाषेतील मिस्सा बंद केली आणि नवा विश्वासांगीकार स्वीकारला. ह्या चळवळीचा पुढारी जॉन नॉक्स हा काही काळ जिनीव्हा शहरात परदेशी लोकांच्या मंडळीचा पाळक होता. तेथे १५५६ साली छापलेले उपासनेचे पुस्तकच पुढे स्कॉटलंडमध्ये आणले गेले, आणि १५६४ साली संपूर्ण स्तोत्रसंहितेच्या पद्यरूपासह त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. अर्थात स्कॉच उपासनेत लिखित प्रार्थना कधीच नव्हत्या असे जे पुष्कळ जण समजतात ते खरे नाही. प्रार्थना छापलेल्या होत्या. केवळ अक्षरशः त्याच म्हणाव्या असे बंधन पाळकावर नव्हते.

त्या दिवसांत शिकलेले पाळक फारच थोडे होते. खेडोपाडी ‘वाचक’ नेमले गेले. वाचकाने ठरलेल्या प्रार्थना व शास्त्रभाग वाचावे, मंडळीस स्तोत्र म्हणावयास लावावे. बाप्तिस्मा देण्याचा व प्रभुभोजन चालविण्याचा अधिकार पाळकासच असे. आपल्या दरेकशाच्या छपरीत जे चालते ते ह्याहून निराळे नाही. पाळक नाही म्हणून आपली उपासना कमी प्रतीची, असे जे कोणी मनात आणतात त्यांनी हे लक्षात ठेवावे की एका संपूर्ण राष्ट्राची मंडळी पहिली पुष्कळ वर्षे अशाच वाचकांनी सांभाळली.

भाषेविषयीही एक गोष्ट येथेच सांगतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागात व बेटांवर गेलिक नावाची वेगळी भाषा बोलत. तिच्यात तोपर्यंत एकही पुस्तक छापले गेले नव्हते. १५६७ साली जॉन कार्सवेल ह्याने नॉक्सच्या प्रार्थनापुस्तकाचे गेलिक भाषांतर छापविले, आणि तेच त्या भाषेतील पहिले छापील पुस्तक ठरले. पुढे मात्र फार दिरंगाई झाली. गेलिक नवा करार १७६७ साली आणि संपूर्ण शास्त्र १८०१ साली लोकांच्या हाती आले. मधली दोनशे वर्षे डोंगरातील लोकांनी देवाचे वचन बहुतांशी तोंडी भाषांतरावर ऐकले. आपल्या छपरीत एक आजीबाई गोंडी भाषेत प्रार्थना करतात तेव्हा काही तरुण हसतात. त्यांस हा इतिहास सांगावा.

ख्रिस्तजन्माच्या सणाविषयी वाचून तर आपल्या मंडळीस नवल वाटेल. नॉक्स व त्याचे सोबती ह्यांनी १५६० सालीच नाताळासह बहुतेक सण रद्द ठरविले, कारण शास्त्रात त्यांची आज्ञा सापडत नाही. ही सवय इतकी खोल गेली की नाताळच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडमध्ये १९५८ साली मिळू लागली. तेव्हा ‘स्कॉच साहेबांप्रमाणेच सर्व काही’ असे म्हणणाऱ्याने नाताळचा तारा व करंज्या आधी सोडाव्या लागतील. माझी स्वतःची तशी तयारी नाही.

आता गायनाकडे वळू. वडिलांची पहिली हरकत येथली आहे.

सुधारणेनंतर स्कॉटलंडच्या मंदिरांतून वाद्ये गेली व केवळ मनुष्याचा कंठ राहिला. ह्यामागे विचार होता. वाद्ये ही जुन्या करारातील मंदिराच्या यज्ञसेवेबरोबरची आहेत, ती सेवा ख्रिस्तात पूर्ण झाली, म्हणून वाद्येही गेली, असे ते मानीत. दुसरे असे की पूर्वी गायकांचा वर्ग गात असे व लोक मुके उभे राहत. आता नांगऱ्याने व दासीनेही देवाची स्तुती स्वतः म्हणावी अशी त्यांची इच्छा होती. ह्या दुसऱ्या विचारापुढे मी आजही मान लववितो. ज्या उपासनेत ढोलक इतका वाजतो की गीताचा एक शब्द ऐकू येत नाही, तेथे स्कॉच पूर्वजांचीच बाजू खरी.

परंतु लोकांस वाचता येत नव्हते. मग स्तोत्र कसे म्हणावे? १६४५ साली लंडन शहरातील वेस्टमिन्स्टर येथे जमलेल्या धर्मपंडितांनी उपासनेचा जो मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला, आणि जो स्कॉटलंडने त्याच वर्षी स्वीकारला, त्यात तोड सुचविली होती की जेथे पुष्कळांस वाचता येत नाही तेथे पाळकाने किंवा दुसऱ्या कोणी एकेक ओळ आधी वाचावी व मंडळीने ती गावी. ही सोय इंग्लंडच्या मंडळ्यांची होती. स्कॉच प्रतिनिधींस ती मुळीच आवडली नव्हती. तरी ती रूढ झाली. मग स्तोत्रनायक नावाचा मनुष्य व्यासपीठाखाली बसून ओळ सांगू लागला व मंडळी त्याच्यामागून गाऊ लागली. चालीही हळूहळू लोपत जाऊन बहुतेक ठिकाणी डझनभरच उरल्या. पुढे अठराव्या शतकात लोक वाचावयास शिकले आणि काही पाळक ‘आता ओळ सांगण्याचे कारण उरले नाही’ असे म्हणू लागले, तेव्हा मंडळ्यांत मोठा क्षोभ उसळला. आमच्या वाडवडिलांची पवित्र रीत मोडली म्हणून कित्येक जण उठून गेले! जी रीत शंभर वर्षांपूर्वी परकी म्हणून नकोशी झाली होती, तीच आता पूर्वजांची ठेव झाली. १६५० सालच्या ज्या पद्य स्तोत्रसंहितेस स्कॉच लोक प्राणापलीकडे जपतात, तिचाही मूळ पाया फ्रान्सिस राउस नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने घातला होता. गेलिक बोलणाऱ्या बेटांवर ओळ सांगून स्तोत्र म्हणण्याची ही रीत आजही जिवंत आहे. एकाने ओळ काढावी आणि साऱ्यांनी आपापल्या कंठाच्या वळणाने ती उचलावी, हे ऐकून आपल्या भजनी मंडळातील मनुष्यास काही परके वाटणार नाही.

वाद्यांचे पुढे काय झाले? १८०७ साली ग्लासगो शहरातील सेंट अँड्र्यू मंदिरात एकदा ऑर्गन वाजविला गेला. तेथील पाळकमंडळाने लगेच तो बंद करविला. असे वाद्य देशाच्या कायद्यास व मंडळीच्या घटनेस विरुद्ध आहे असे ठरले. सामान्य लोकांनी ह्या वाद्यास थट्टेने ‘शिट्यांची पेटी’ असे नाव ठेविले होते. पुढे एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स मंदिराचे पाळक रॉबर्ट ली ह्यांनी १८६३ साली उपासनेत हार्मोनियम आणला व दोन वर्षांनी ऑर्गन बसविला. छापील प्रार्थना वाचणे, गाताना उभे राहणे व प्रार्थनेस गुडघे टेकणे हेही त्यांनी सुरू केले होते, कारण तोवर स्कॉच लोक बसून गात व उभे राहून प्रार्थना करीत! त्यांच्याविरुद्ध महासभेत वर्षानुवर्षे वाद चालला. स्कॉटलंडची फ्री चर्च ही मंडळी ह्याहून सनातनी होती. तिने स्तोत्रसंहितेबाहेरची गीते १८७२ साली व वाद्ये १८८३ साली चालू दिली. १९०० साली तिचा मोठा भाग दुसऱ्या मंडळीत मिळाला. जो लहान भाग मागे राहिला तो केवळ स्तोत्रे व केवळ कंठ ह्यांवर परतला, आणि गीतांस व वाद्यांस त्याने पुन्हा मोकळीक दिली ती २०१० साली.

आता आपल्या वडिलांच्या ‘स्कॉच साहेबां’कडे येऊ. पश्चिम किनाऱ्यावर बाणकोट येथे स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी १८२३ साली उतरले, मुंबईत डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले व १८३१ साली त्यांनी एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी स्थापिली. १८४३ साली मायदेशी स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, ह्या प्रश्नावरून चारशेहून अधिक पाळक आपली घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांची फ्री चर्च झाली. हिंदुस्थानातील स्कॉच मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. ह्याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. हे तेच हिस्लॉप ज्यांचे नाव १८८३ पासून नागपूरच्या महाविद्यालयास आहे. पुढे भंडारा येथेही ह्या मिशनचे काम उभे राहिले, आणि आपला गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता.

तारखा जुळवून पाहा. हिस्लॉप १८४५ साली आले, ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरीजवळच्या पुरात बुडून मृत्यू पावले, आणि त्यांच्या मंडळीने वाद्यास परवानगी दिली ती त्यानंतर वीस वर्षांनी. दरेकशाच्या छपरीत आज हिस्लॉप साहेब आले असते तर ढोलक पाहून त्यांस जेवढा संकोच झाला असता तेवढाच पेटी पाहून झाला असता. पूर्वजांचा दाखला घ्यावयाचा तर दोन्ही वाद्ये बाहेर गेली पाहिजेत. पेटी आत आणि ढोलक बाहेर ह्या निवाड्यास स्कॉटलंडच्या चारशे वर्षांत कोठेही आधार नाही. तो आधार दुसरीकडचा आहे. ढोलकावर कातडे असते. आणि तो वाजविणारा तरुण ज्या घरचा आहे त्या घरास भोजन दुसऱ्या पंगतीत मिळत होते.

असो. हिस्लॉपांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगण्याजोगे आहे. त्यांनी एका प्रधान गायकाच्या तोंडून लिंगोचे मोठे गोंडी गीत उतरून घेतले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी त्यांच्या कागदांबरोबर ते छापविले. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले व लिंगोने त्यांस सोडविले, ही त्यातील कथा. आणि ती गुहा म्हणजे दरेकशाजवळची कचारगडची गुहा असे आपले गोंड शेजारी मानतात. माघी पौर्णिमेस त्यांच्या यात्रेची गर्दी आपण दरवर्षी स्टेशनावर पाहतोच. ज्या मिशनऱ्याने परक्या धर्माचे गीत एवढ्या काळजीने लिहून घेतले, त्यास एका म्हाताऱ्या विश्वासिणीची गोंडी प्रार्थना ऐकून हसू आले नसते असे मला वाटते.

ह्याच लोहमार्गाची दुसरी आठवण नारायण वामन टिळकांची. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. ती गाडी आपल्याच डोंगरांतून गेली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला. पुढे त्यांनी अभंग व भजनांच्या चालीत रचलेली गीते मराठी मंडळ्यांनी मिशनचा भेद न पाहता घेतली. पुण्यातील स्कॉच मिशनरी निकल मॅक्निकल ह्यांनी तर वारकरी संतांच्या एकशे आठ अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९१९ साली प्रसिद्ध केले. टाळ आणि मृदंग ह्यांच्या संगतीत वाढलेल्या पदांची गोडी स्कॉच मनुष्यासही लागली होती. ढोलकाविषयी माझे म्हणणे येथे संपले.

भोजनाविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे.

सुधारणेपूर्वी सामान्य लोक वर्षातून एकदा, गुडघे टेकून, याजकाच्या हातून केवळ भाकर घेत. पेला त्यांस मिळत नसे. नॉक्सच्या मंडळीत मंदिराच्या मध्यभागी लांब मेज मांडीत. त्याच्या दोन्ही बाजूंस बाके, मेजावर पांढरे वस्त्र. लोक त्या मेजाशी जेवावयास बसल्यासारखे बसत, आणि पाळकाने भाकर मोडून जवळच्यांस दिली की पुढे ती शेजाऱ्याने शेजाऱ्यास द्यावयाची, पेलाही तसाच. एक मेज उठले की दुसरे बसे. वाचकांनो, ह्याचे मराठी नाव मला शोधावे लागले नाही. ही पंगतच होय.

बसण्याच्या ह्या रीतीसाठी त्या लोकांनी राजाशी वैर पत्करले. १६१८ साली सहाव्या जेम्स राजाने पर्थ येथील महासभेकडून पाच कलमे मंजूर करविली. त्यांतील एक असे की भोजन गुडघे टेकूनच घ्यावे. राजाचा हेतू नम्रतेचा असेल. पण लोकांस त्यात जुन्या मूर्तिपूजेची छाया दिसली. प्रभू आपल्या शिष्यांबरोबर भोजनास बसला, तेथे पाहुण्याने गुडघे का टेकावे, असे ते विचारीत. कित्येक जण आपल्या गावचे मंदिर सोडून, जेथे बसू देतील अशा दुसऱ्या गावी चालत जात. पुढे चार्ल्स राजाने नवे प्रार्थनापुस्तक लादले, तेव्हा २३ जुलै १६३७ रोजी एडिंबरोच्या सेंट जाइल्स मंदिरात दंगा झाला. जेनी गेडिस नावाच्या बाईने आपले बसावयाचे स्टूल धर्माधिकाऱ्याच्या अंगावर फेकले अशी आख्यायिका आहे. दंगा निश्चित झाला. बाईचे नाव मात्र पुष्कळ उशिरा लिहिले गेले. १६३८ साली ग्लासगोच्या महासभेने पर्थची कलमे रद्द केली आणि लोक पुन्हा मेजाशी बसले.

भोजन फार वेळा होत नसे. वर्षातून चार वेळा व्हावे असा सुधारकांचा बेत होता, पण खेड्यांत ते वर्षातून एकदाच, कधी तेवढेही नाही, असे होऊन बसले. म्हणून त्याचा मोठा समारंभ होई. गुरुवारी उपास, शनिवारी तयारीचा उपदेश, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. आसपासच्या गावांतून लोक पायी येत. मंदिरात जागा पुरत नसे म्हणून बाहेर माळावर उपदेश चाले. १७४२ साली ग्लासगोजवळ केंबसलँग गावी झालेल्या प्रसिद्ध भोजनाचा वृत्तांत तेथील पाळकाने लिहून ठेविला आहे. मेज पंचवीस वेळा भरले व प्रत्येक वेळी सुमारे १२० जण बसले, म्हणजे तीन हजारांच्या आसपास लोकांनी भोजन घेतले. पंचवीस पंगती! आपल्याकडील मोठ्या लग्नातही आचाऱ्याची छाती दडपावी असा हा आकडा आहे.

ह्या भोजनास येण्यासाठी चिठ्ठीप्रमाणे शिशाचा एक लहान तुकडा लागत असे. पाळक व वडील घरोघर जाऊन ज्ञान व आचरण ह्यांची चौकशी करीत आणि योग्य वाटेल त्यास तो तुकडा देत. त्यावर बहुधा गावाच्या नावाची अक्षरे व साल असे. मेजाशी बसण्यापूर्वी वडील तो परत घेत. ह्या व्यवस्थेचे मी सरसकट कौतुक करीत नाही. वडीलमंडळाने अनेकदा गरीब मुलींस मंदिरात सर्वांदेखत पश्चात्तापाच्या आसनावर उभे केले. मोठ्या घरच्या पुरुषांकडे तेवढ्या उत्साहाने पाहिल्याचे दिसत नाही. मंदिरातही जमीनदारांचे सज्जे वेगळे व उंच असत. मानापमान तेथेही होते. परंतु शिशाचा तुकडा जहागीरदाराचा व नांगऱ्याचा एकाच साच्यात ओतलेला असे, आणि मेजाशी शेजारी जो बसेल त्याच्या हातून भाकर घ्यावी लागे.

एकोणिसाव्या शतकात लांब मेज हळूहळू गेले. आपल्या नेहमीच्या बाकांवर बसलेल्या लोकांकडे वडिलांनी भाकर व पेला न्यावा अशी सोय झाली. पुढे त्या शतकाच्या अखेरीपासून स्वच्छतेच्या विचाराने लहान वेगवेगळे पेलेही आले. ह्यात पाप नाही. रोगराईत वेगळा पेला हा शहाणपणाच आहे. प्रश्न एवढाच की वेगळा पेला रोगाच्या भीतीने मागितला जातो की शेजाऱ्याच्या.

ही पंगत आपल्या महाराष्ट्रात आली तेव्हा तिचा अर्थ स्कॉटलंडहून शतपट मोठा झाला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा स्कॉच मिशनरी रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हातून झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहिला होता, पण तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मग शहरात वर्षभर वाद पेटला. मुलगा काय मानतो हा वाद नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, म्हणून त्यास जातीत परत घ्यावे की नाही हा वाद होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे म्हणून मोठे धैर्य दाखविले आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. कोणाबरोबर कोणाच्या हातचे खाल्ले, ह्यावर ह्या देशात मनुष्याचे सारे आयुष्य ठरत असे हे त्यावरून दिसते. तोच नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक झाला, जालना भागात गेला, आणि तेथे त्याच्या हातून जे लोक प्रभूकडे आले ते मुख्यत्वे मांग समाजातील होते. त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ज्याच्या धाकट्या भावाच्या चार घासांनी मुंबई हादरली, तो त्या लोकांबरोबर प्रभूच्या मेजाशी बसला.

१९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील प्रेस्बितरियन व इतर मंडळ्या एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात अँग्लिकन, बाप्तिस्त, ब्रदरन व इतर मंडळ्यांसह उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली. तेव्हापासून आपल्यात गुडघे टेकणारेही आहेत व बसणारेही, आणि दोघांसही मोकळीक आहे. गुडघे टेकणाऱ्यांच्या रीतीत कठड्यापाशी राव व रंक सारखेच लवतात. तिला मी कमी लेखीत नाही. परंतु दरेकशाच्या वडिलांनी मजकडे मागितली ती ही रीत नव्हती. त्यांनी गुडघे टेकण्याचे नाव काढले नाही. त्यांस बसावयाचे होते, पण शेजाऱ्याच्या हातून घ्यावयाचे नव्हते. ढोलकासाठी त्यांनी स्कॉच पूर्वज बोलाविले आणि भोजनाच्या वेळी त्यांस बाहेर उभे केले. आणि मी, ज्याने सेमिनरीत हा सारा इतिहास परीक्षेसाठी पाठ केला होता, स्वच्छतेच्या एका शब्दावर मान डोलाविली. पेत्राविषयी गलतीकरांस लिहिलेली जी वचने आपण आरंभी वाचली, त्यांत पेत्र भुकेला उठून गेला नाही. याकोबाकडून काही मंडळी आली म्हणून उठला. मीही एका वृद्धाच्या भीडेने उठलो.

हे कळल्यावर मी दरेकसा येथे जाऊन आधी ढोलक वाजविणाऱ्या घरी गेलो व झालेली चूक बोलून दाखविली. त्या घरच्या मातेने मला बसावयास पाट दिला आणि म्हटले, “आम्हांला ठाऊक होते, पाळकसाहेब. तुम्हांला केव्हा कळते ते पाहत होतो.” मग वडिलांकडे गेलो. तेथे पुष्कळ वेळ बसलो. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले व इतकेच विचारले की माझ्या आजोबांनी जे सोसले ते तुम्हांस ठाऊक आहे काय. ते मला ठाऊक आहे, आणि मी त्यांस तसे सांगितले.

पुढच्या भोजनास छपरीत एक सतरंजी पुरली नाही. दोन सतरंज्या टोकास टोक जोडून घातल्या. जो जसा आला तसा बसला. गीतास पेटी होती व ढोलकही होता, बेताचा. मी भाकर मोडून डाव्या हाताच्या पहिल्या मनुष्यास दिली आणि ताट हातोहाती गेले. वडिलांच्या पत्नी त्या ढोलकवाल्याच्या मातेशेजारी येऊन बसल्या होत्या; त्यांनी तिच्या हातून घेतले व पुढे दिले. गोंडी बोलणाऱ्या आजीबाई शेवटी होत्या. वडील अंगणात चिंचेखाली उभे होते. मी त्यांच्यासाठी एक जागा ठेविली होती, ती तशीच राहिली.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघालो तेव्हा ते माझी पिशवी घेऊन स्टेशनापर्यंत आले. वाटेत बोलले नाहीत. गाडी सुटताना त्यांनी पुढचे भोजन कोणत्या रविवारी आहे एवढे विचारले. ते येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे.